नऊ पानांची पंगत

डोमाजी मास्तर हजेरी रोज नव्या क्रमानं घ्यायचे. आज पहिलं नाव गेंदलालचं, तर उद्या तेच सगळ्यात शेवटी. आपलं नाव कधी येईल, हे पोरांना कळायचं नाही, त्यामुळे नावापुरतं येऊन 'हजर' म्हणून मागच्या दारानं सटकायची सोयच उरली नव्हती. इंग्रजी अमदानीतला तपासनीस आला, त्यानं विचारलं हा काय प्रकार. मास्तर म्हणाले, "साहेब, चोवीस पोरं आहेत. एकच क्रम धरून बसलो, तर बाकीच्या क्रमांनी काय पाप केलं?" तपासनिसानं शेरा लिहिला आणि मास्तरांची बढती त्या शेऱ्यात अडकली ती कायमचीच.

मी आमगावच्या त्याच शाळेत मराठी शिकवायचो आणि मास्तरांच्या शेजारी राहायचो. म्हणजे छळ दुहेरी. मास्तर एकटेच, म्हणून बरेचदा जेवायला आमच्याकडे. पानात पाच पदार्थ असले, तर ते रोज वेगळ्या क्रमानं खायचे, कारण पाचाच्या एकशेवीस रीती होतात. कधी आधी नुसती मिरचीची चटणी, मग डोळ्यांतून धारा. आमची मंडळी पाणी घेऊन धावायची, तर हे हात हलवून म्हणायचे, आज हीच रीत होती, इलाज नाही. गावात कुणी अडचण सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला, "रीती मोजल्या का?" माझी म्हैस हरवली तेव्हाही त्यांनी हेच विचारलं. खोटं नाही सांगत.

तर माझ्या मुलीचं, सगुणाचं लग्न ठरलं. माझा धाकटा भाऊ किसन गावाबाहेर वेगळा राहायचा. बोडीचं, म्हणजे आमच्या सामायिक तळ्याचं, पाणी आधी कोणाच्या धानाच्या बांधीत घ्यायचं, यावरून आमचं वाजलं आणि सात वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. चूक त्याचीच होती. निदान तेव्हा मी तसंच म्हणायचो. पण सगुणा त्याच्या खांद्यावर बसून वाढलेली. तिनं स्पष्ट सांगितलं, "मांडवाच्या जेवणाले काका पायजे. अन् काका पानावरून उठून गेला, त मी बोहल्यावर उभी नाई राहत."

झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी भाऊबंदांचं मांडवजेवण. पहिल्या पंगतीत नऊ पानं, त्यांत मी आणि किसन. दोघं तापट. जवळ बसलो की कुणाच्या तरी तोंडून बोडी निघणार आणि पानं उधळणार. मास्तरांना म्हटलं, आमची पानं लांब ठेवा, बस्स. ते म्हणाले, आधी रीती मोजू.

हे बोलणं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला बोडीच्या काठावर, पाळीवर घेऊन गेले. मोहाचा वास पसरला होता, पाण्यावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता. त्यांनी नऊ चिंचोके मांडले. नऊ माणसं ओळीत बसवायच्या रीती तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी. आता जे दोघं जवळ नकोत, त्यांची मोट बांधायची. दोन चिंचोके त्यांनी दोऱ्यानं बांधले. मोट म्हणजे एकच माणूस, मग उरले आठ. आठाच्या रीती काढायच्या, दुप्पट करायच्या, कारण मोटेत कोण डावीकडे हा प्रश्न असतोच. दोघं जवळ आले अशा रीती ऐंशी हजार सहाशे चाळीस. त्या एकूणातून वजा केल्या की निघालं काम.

मग बांधलेले दोन चिंचोके तळहातावर घेऊन ते धुक्याकडे बघत राहिले. म्हणाले, प्रत्येक रीत म्हणजे एक वेगळं लग्न. कुठंतरी ती सगळी लागून राहिली आहेत. मला भूक लागली होती. मी म्हटलं, मास्तर, वजा करा आणि चला.

मांडवात त्यांनी यादी वाचून एकेकाला बसवलं. चौथं पान माझं. पाचवं किसनचं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण वाढलेल्या पानावरून उठायचं नाही, हे दोघांनाही ठाऊक. दाराआड सगुणा उभी, चेहरा पांढराफटक. मी समोर बघत भात कालवत होतो. तेवढ्यात किसननं माझ्याकडे न बघता आपल्या पानातलं वांगं उचलून माझ्या पानात टाकलं. लहानपणापासून त्याला वांगं चालत नाही, ते माझ्याच पानात यायचं. मी खाल्लं.

"बोडीत पाणी हाय काय, दादा?" त्यानं विचारलं.

"हाय थोडं," मी म्हटलं. "ये पाहाले."

दोघंही शेवटपर्यंत पानावर होतो. दाराआडून सगुणाचा हुंदका ऐकू आला.

पुढच्या पंगती वाढून झाल्यावर मी मास्तरांना शोधलं. तीन पंगती उठल्या होत्या, ते एकटेच मांडवाच्या खांबाला टेकून होते, अजून उपाशी. विचारलं, वजाबाकी चुकली का?

"चुकली नाई. केलीच नाई."

"काऊन?"

ते गावच्या बोलीतच, हळूहळू म्हणाले, "मलेबी भाऊ होता. बापाच्या तेरवीले आमी वेगवेगळ्या पंगतीत बसलो, तवापासून वेगळेच. तो येईन म्हणून मी वाट पाहून राहिलो. मी येईन म्हणून तो. मागच्या पोळ्याले तो गेला." त्यांनी मांडवाकडे पाहिलं. "एकट्या माणसाची एकच रीत असते, गुरुजी. तिच्यात काई मांडाचं नसते."

मी जाऊन किसनला सांगितलं, मास्तर अजून उपाशी आहेत. त्यानं काही न विचारता तीन पत्रावळी आणल्या. पोट तुडुंब भरलेलं असताना आम्ही मास्तरांच्या दोन बाजूंना बसलो आणि तिघांनी भात घेतला.