तोंड उघडण्याचा तुलनात्मक तक्ता

सोलापुरातल्या एका सरकारी कचेरीत खरेदी विभाग सांभाळणारे शरणबसव यांचे तोंड दोन बोटांपलीकडे उघडेनासे झाले, तेव्हा ते रीतसर दातांच्या दवाखान्यात गेले. डॉ. अंकिता यांनी पट्टी लावून मोजले. पंचवीस मिलिमीटर.

"हे पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतं. तंबाखूचा मावा आजपासून बंद. गालात इंजेक्शनं, गोळ्या, नाहीतर दातांत लाकडी पट्ट्या घालून तोंड उघडायचा व्यायाम. काय करायचं ते आजच ठरवू."

"तीन पर्याय हायत? मग तक्ता करावा लागंल की."

बावीस वर्षांत शरणबसवांनी तुलनात्मक तक्त्याशिवाय टाचणीसुद्धा मंजूर केली नव्हती. इथे तर स्वतःचा जबडा होता.

तक्त्यासाठी अनुभवी लोकांची मते आवश्यक होती आणि असे लोक पानटपरीवरच भेटत. तिथल्या मडिवाळप्पाने इंजेक्शने घेतली होती, गैबीसाबने गोळ्या. मते मावा चघळत नोंदवली गेली. समोरच्याला एकट्याने चघळायला लावणे शिष्टाचारात बसत नव्हते. दुखणे, कालावधी, रजा असे रकाने वाढत गेले. एकदा पत्नी गिरिजाबाईंनी कागद पाहिला.

"अहो, मावा बंद करायचं कुटं लिवलंय?"

"ती अट हाय, उपचार न्हाय. अटी शेवटी बारीक अक्षरात असत्यात."

तक्ता पूर्ण व्हायला सहा महिने लागले. डॉक्टरांनी पुन्हा मोजले. सोळा. जुन्या मापावरचा तक्ता साहजिकच बाद झाला आणि शस्त्रक्रियेचा नवा रकाना आला.

त्याच आठवड्यात मुलगी संस्कृती दहावी पास झाली. तिने भरवलेला पेढा वडिलांच्या दातांवर अडला. तिने तो चुरला आणि चिमूट चिमूट आत सरकवला. शरणबसवांचे डोळे भरून आले. मावा सोडायचाच, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले आणि लिहूनही काढले: अंमलबजावणी सुधारित तक्त्यानंतर.

सध्या ते शस्त्रक्रियेच्या प्रतीक्षायादीत आहेत आणि पेजेवर आहेत. सुधारित तक्ता मात्र इतका देखणा झाला, की मडिवाळप्पाने त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. बघता बघता तो करमाळ्यापर्यंत पोचला. 'अत्यंत उपयुक्त, जरूर वाचा,' असे लिहून लोक पुढे पाठवत राहिले.

तुमच्याकडेही आला होता. तुम्ही तो न वाचता एका मित्राला पाठवलात. ज्याच्या माव्याच्या पुडीतला अर्धा वाटा रोज तुमचा असतो, त्यालाच.