गवत वाढू दिलं त्याची गोष्ट

त्या मे महिन्यात मी गवत न कापायचं ठरवलं. एवढंच. नोकरी सोडली नाही, घर विकलं नाही, फक्त गवत कापलं नाही. पण तोरुन शहराच्या नदीकाठच्या बेचाळीस बागांमध्ये अजूनही लोक मला बघून एकमेकांना कोपरानं ढोसतात.

दोष दातांच्या डॉक्टरचा. त्यानं मला पाऊण तास बाहेर बसवून ठेवलं आणि समोर एक मासिक होतं. त्यात लिहिलं होतं की निसर्गाशी जुळवून घेणारी माणसं इतरांपेक्षा सुखी असतात. सोबत एका प्राध्यापकाचा फोटो. कमरेइतक्या गवतात उभा राहून बत्तीसच्या बत्तीस दात दाखवत हसत होता. (सुजलेला गाल धरून बसलेल्या माणसाला असा फोटो दाखवू नये.)

आमची बाग, म्हणजे बागमंडळानं भाड्यानं दिलेला जमिनीचा तुकडा, माझ्या बायकोला, यादविगाला, तिच्या वडिलांकडून मिळाली. त्यांनी तिच्या जन्माच्या वर्षी लावलेलं सफरचंदाचं झाड, एक लाकडी खोली, आणि दर शनिवारी मी मशीन फिरवून कापायचं ते गवत. पाणी खात्यात आठवडाभर मीटरचे आकडे तपासायचे आणि शनिवारी मशीनमागे धावायचं, हे माझं आयुष्य.

"यादविगा, आजपासून गवत कापणं बंद," मी जाहीर केलं. "निसर्गाला त्याच्या मनासारखं वाढू द्यायचं. त्यानं माणूस सुखी होतो."

"बोगुश, आळस आलाय असं सरळ सांग ना."

"आळसाचा काय संबंध? वीस वर्षांचं संशोधन आहे."

"माझं तुझ्यावरचं सत्तावीस वर्षांचं आहे," ती म्हणाली आणि काकड्यांना पाणी घालायला गेली.

पहिला आठवडा मी खरोखर सुखी होतो. झाडाखाली पडून राहिलो. दुसऱ्या आठवड्यात गवतात घडीची खुर्ची हरवली. मग मीठदाणी हरवली. मग चष्मा हरवला, आणि चष्माच नसल्यामुळे पहिल्या दोन वस्तू शोधता येईनात. पाचव्या आठवड्यात कुंपणावरून बागमंडळाचे अध्यक्ष इग्नात्सी यांचं डोकं वर आलं. इग्नात्सी म्हणजे चौतीस वर्षं ट्राम चालवून निवृत्त झालेला माणूस. त्यांच्या बागेतलं गवत इतकं गुळगुळीत, की गोगलगाईसुद्धा तिथे जपून चालायच्या. ऐकू मात्र जरा कमी येतं.

"काय हो, मशीन बिघडलंय का? माझं न्या."

"नाही हो, मी निसर्गाशी जुळवून घेतोय."

"कोणाशी?"

"निसर्गाशी!"

"तो आपल्या मंडळाचा सभासद आहे का?"

"नाही, पण..."

"मग त्याच्या म्हणण्यावरून तुम्ही गवत कसं काय वाढवता?"

दुसऱ्या दिवशी दाराला नोटीस. शनिवारी सकाळी दहाला पाहणी. गवत गुडघ्याच्या वर आढळलं तर बाग काढून घेऊन दुसऱ्याला देण्यात येईल.

यादविगानं नोटीस दोनदा वाचली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. "बाबांनी इथे बसून मला शिट्टी वाजवायला शिकवली होती," म्हणाली. बस, एवढंच. माझं निसर्गप्रेम तिथल्या तिथे विरघळलं.

शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर मी धावतच बागेत पोचलो. मशीन सुरू केलं. ते हातभर पुढे गेलं, खोकलं, धूर सोडला आणि त्यानं मान टाकली. मग मी तेओफिला बाईंकडे गेलो. या मंडळाच्या सचिव, पूर्वी शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांच्याकडे वडिलांचा जुना, माणसाइतक्या लांब दांड्याचा विळा होता.

"कधी चालवलाय का?" त्यांनी विचारलं.

"रक्तातच आहे आमच्या," मी म्हणालो. (आमच्या घराण्यात तीन पिढ्या कारकून.)

पहिल्या घावात कपडे वाळत घालायची दोरी गेली. दुसऱ्यात द्राक्षासारखी लाल फळं येणारं यादविगाचं लाडकं झुडूप. तिसऱ्यात माझी पँट, डावी बाजू, गुडघ्यापासून खाली. चौथ्यासाठी मी विळा उगारला आणि गवतातून कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटलं.

रानबदकीण होती. अंड्यांवर बसलेली. ती हलली नाही, ओरडली नाही. तिनं माझ्याकडे अगदी यादविगासारखं बघितलं.

"यादविगा!" मी कुजबुजलो. "इकडे ये. हळू."

ती आली, वाकली, आणि तिनं कान दिला. अंड्यांच्या आतून बारीक चिवचिव येत होती.

"बोगुश," ती म्हणाली, "विळा खाली ठेव."

"पण उद्या पाहणी! बाबांचं झाड!"

"खाली ठेव म्हणते ना!"

ठेवला. (माझ्या पायावर. पण ओरडलो नाही, बदकीण बसली होती.)

शनिवारी बरोबर दहाला इग्नात्सी मोजपट्टी घेऊन आणि तेओफिला बाई वही घेऊन हजर. यादविगानं खसखशीचा केक पुढे केला. इग्नात्सींनी तो बाजूला सारला आणि पट्टी गवतात खुपसली.

"एक मीटर दहा! लिहा, बाई. पाहिलंत ना?"

"क्वॅक."

"हे कोण बोललं?"

"निसर्ग," यादविगा म्हणाली. "सभासद नाहीये तो."

गवत दुभंगलं आणि बदकीण बाहेर आली. इग्नात्सींच्या चकचकीत बुटावरून ती सरळ फाटकाकडे चालायला लागली. मागोमाग एक पिवळा गोळा, दुसरा, तिसरा... अकरा. तिला नदीवर जायचं होतं. मध्ये गाड्यांचा रस्ता, एक चर आणि पाच-सहा कुंपणं.

इग्नात्सींच्या हातून मोजपट्टी गळून पडली. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी खिशातून ट्रामची जुनी शिट्टी काढली.

"सगळे थांबा! रस्ता मोकळा करा! पुढचा डबा चाललाय, मागचे डबे सांभाळा!"

आणि निघाली वरात. शिट्टी वाजवत इग्नात्सी पुढे, मागे बदकीण, मागे अकरा पिल्लं, मागे आम्ही. इग्नात्सींनी दोन्ही हात पसरून रस्त्यावर बिअरचा ट्रक अडवला. ड्रायव्हर शिव्या द्यायला खाली उतरला आणि तोही मागे चालायला लागला. सतरा नंबरच्या बागेतला न्हावी कुंपणाच्या भांडणामुळे सहा वर्षं तेओफिला बाईंशी बोलत नव्हता. त्यानं खोलीचं दार बिजागऱ्यांसकट उपसून आणलं, बाईंनी दुसरं टोक धरलं आणि चरावर पूल टाकला.

"सरळ धरा हो, बाई!"

"तुम्ही धरा सरळ! सहा वर्षांपूर्वी कुंपण पण असंच वाकडं घातलं होतंत!"

आणि दोघं खदखदा हसले. यादविगा अनवाणी धावत होती, केस सुटलेले, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारत होती. सत्तावीस वर्षांत मी तिची शिट्टी ऐकली नव्हती. मला इतका आनंद झाला, की पिल्लं मोजायचं माझं काम मी विसरलो.

अकरावं मागे पडलं होतं. मी ते टोपीत उचललं आणि काठावर धावलो. बदकिणीला माझा हेतू समजला नाही. तिनं माझ्या नाकावर झेप घेतली. पिल्लू टुणकन पाण्यात गेलं, आणि मी कमरेइतक्या चिखलात. काठावर चाळीसेक माणसं टाळ्या पिटत होती. मीही हसत होतो, एका बाजूला फाटक्या त्या कालच्याच पँटीत, त्या प्राध्यापकापेक्षा एक दात कमी.

परत आल्यावर इग्नात्सींनी केकचे तीन तुकडे खाल्ले आणि वहीत लिहायला सांगितलं: "गवत: राहत्या कुटुंबामुळे कापता येत नाही." बाग राहिली. शिवाय ठराव झाला, की जून संपेपर्यंत प्रत्येक बागेत एक कोपरा न कापता ठेवायचा.

मग काय विचारता! वर्षभर मी मिळेल त्याला धरून निसर्गावर व्याख्यान दिलं. या वसंतात तर जय्यत तयारी केली. गवत छातीइतकं, मधोमध मऊ पेंढा, कुंपणावर "शांतता राखा" अशी पाटी, आणि झुडपाआड दुर्बीण घेऊन मी. बदकिणीला आपलेपणा वाटावा म्हणून अधूनमधून तिच्या भाषेत हाकही मारायचो.

ती आली. आमच्या गवतातून एक फेरी मारली. झुडपाआड बसलेल्या माझ्याकडे नीट निरखून बघितलं. मग उडाली आणि इग्नात्सींच्या बागेत, टक्कल केलेल्या गवताच्या मधोमध, प्लॅस्टिकच्या फुलांच्या कुंडीत तिनं नऊ अंडी घातली.

"पण का?" मी यादविगाला विचारलं. "आपल्याकडे काय नव्हतं?"

"सगळं होतं रे," ती म्हणाली. "पण तूही होतास."