मन्मथअप्पांची घरची फाईल

मन्मथअप्पांच्या गळ्यात दोन दोरे असतात. एकात इष्टलिंग, दुसऱ्यात पेनड्राइव्ह. आंघोळीलाही दोन्ही निघत नाहीत; पेनड्राइव्हला तेवढी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळतात.

पाथरीत आमच्या शेजारी त्यांचं बांगड्यांचं दुकान. पण गिऱ्हाइकाचा हात एकदा हातात आला की हा माणूस कीबोर्डचं पुराण लावणार. भजनाला, लग्नाला ते कीबोर्ड वाजवतात आणि शाळेतली मास्तरकी आटोपली की मी ढोलकी. त्यामुळं माझी तर कुठूनच सुटका नाही. चाली आधी कीबोर्डात भरून ठेवायच्या, पण त्या कोणत्या प्रकारच्या फाईलीत ठेवायच्या, हा त्यांच्या जिवाला कायमचा घोर.

"हे बघा सर, घरची फाईल ह्याच कीबोर्डवर वाजती. दुसरीकडं तोंड उघडत न्हाई. ऑडिओ म्हंजे फोटो, हाय तसा ऱ्हातो. आन् मिडी? कोणती पट्टी, कवा, किती जोरात दाबली, तेवढंच ध्यानात ठेवती. आवाज जिथं जाईल तिथला."

माणसांनाही हेच माप. कोपऱ्यावरचा चहावाला ऑडिओ, रोज तेच बोलतो. माझी बायको मिडी, माहेरी गेली की आवाज बदलतो. आणि हे तिच्यासमोर!

चुडावा गावच्या एका लग्नात मिडीनंच घात केला. भाड्याच्या कीबोर्डला अप्पांनी पेनड्राइव्ह लावला, आणि सनईच्या जागी टेलिफोनची घंटी! अर्धा मांडव खिसे चाचपायला लागला, त्यात नवरदेवही आला. अप्पा मात्र ढिम्म. "फाईल बरोबर हाय. कीबोर्ड परका हाय."

यंदा त्यांचा स्वतःचा कीबोर्ड आचके द्यायला लागला आणि अप्पांचं जेवणावरचं मन उडालं. बाकीच्या चाली त्यांनी केव्हाच हलवल्या होत्या. राहिली होती एकच, महादेवीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शेवटच्या आजारपणाआधी एका बोटानं वाजवलेली आरती. ती घरच्या फाईलीत. कीबोर्ड गेला की तीही गेली.

"ऑडिओ करा अप्पा," मी कळवळून म्हणालो. "आवाज जसाच्या तसा राहील."

"आवाज कंपनीचा हाय हो. त्यात तिचं काय? बोट तिचं."

म्हणून मिडी केली. जुना कीबोर्ड मध्येच बंद पडतो की काय, या धास्तीनं दोघंही सतरंजीवर श्वास रोखून बसलो होतो. निघाली बाबा एकदाची! नव्या कीबोर्डवर लावली, तर हार्मोनियमच्या जागी बासरी. मी घाबरून अप्पांकडं बघितलं.

"बासरी तर बासरी," ते म्हणाले. "वाजवायलीय तर तीच."

अर्ध्यावर चाल थांबली. अडकली वाटून मी बटणाकडं हात नेला, तर त्यांनी तो घट्ट धरला.

"थांबा. दूध बघायला गेली हाय."

आम्ही थांबलो. मग बोट पुन्हा पडलं, घाईघाईत, चुकीच्याच पट्टीवर.

"आली," अप्पा म्हणाले, आणि सतरंजीवर जरा सरकून बसले.