छत्री धरणारे चारशे जण

संगीत दोन प्रकारचं असतं: चालू आणि स्मरणीय. चालू संगीताला जावं लागतं. त्यासाठी कपडे बदलावे लागतात, गाडी लावायला जागा शोधावी लागते आणि शेजारच्याचा खोकला सोसावा लागतो. स्मरणीय संगीताला यातलं काहीच लागत नाही. ते घरच्या घरी, पाय वर घेऊन, जेवणानंतर करता येतं. म्हणून कुठलंही सुजाण शहर आपलं संगीत पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेण्याच्या खटपटीत असतं. ज्या शहराची ही गोष्ट आहे, त्याने या कामी चांगलीच आघाडी घेतली होती.

या कामासाठी तिथे संगीत-स्मृती समिती होती. जिथे जिथे पूर्वी गाणं-वाजवणं चाले आणि आता चालत नाही, तिथे पितळी फलक लावणं हे समितीचं काम. ज्या हॉटेलात जेवणाच्या वेळी व्हायोलिन वाजायचं तिथे आता बँक होती; फलक रोखपालाच्या खिडकीवर होता. जुन्या नाट्यगृहात वादक ज्या खोलगट जागेत बसत तिथे आता एक्स-रे काढत. तिथला फलक पाहायचा तर आधी डॉक्टरची चिठ्ठी आणावी लागे. समितीने एक पाहणीही केली होती. तीत दहापैकी नऊ नागरिकांनी आपण पूर्वी मैफलींना नेमाने जात असल्याचं सांगितलं. (मग हॉल बंद का पडले, हा प्रश्न पाहणीत नव्हता. प्रश्नावली आधीच फार लांबली होती.)

समितीचे सचिव नगरपालिकेच्या पाणीखात्यातून निवृत्त झालेले होते. उभं आयुष्य व्हॉल्व्ह बंद करण्यात गेल्यामुळे एखादी गोष्ट व्यवस्थित बंद कशी करावी याची त्यांना उत्तम जाण होती. माणूस मात्र लोण्यासारखा मऊ. एखादा हॉल बंद पडल्याचं कळलं की ते खरोखर हळहळत, आणि त्याच हातासरशी ते फलकाचा मजकूरही लिहून काढत.

समितीच्या वाटेत एकच अडचण होती, ती म्हणजे वरचा हॉल. टायरच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की हा साठ खुर्च्यांचा हॉल लागे, आणि तो बंद पडायचं नावच घेत नव्हता. दर शनिवारी संध्याकाळी तिथे एक मावशी अकॉर्डियन वाजवत. केस पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, आणि भाता ओढताना ओठ मिटलेले. साथीला क्लॅरिनेटवाले काका. ऐकायला दहा-अकरा माणसं, त्यांत सचिवांची बायको. समितीच्या सभासदांनाही यायची मनापासून इच्छा होती. पण समितीची बैठक दर शनिवारी संध्याकाळी असल्यामुळे त्यांचा नाइलाज होता.

गंमत म्हणजे शहराची सगळ्यात लाडकी आठवण याच हॉलची होती. फार वर्षांपूर्वी मावशींचं वाजवणं ऐन रंगात असताना गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली. छतातून धारा लागल्या. मावशी थांबल्या नाहीत, आणि कुणीतरी उठून अकॉर्डियनवर छत्री धरली. समितीने या आठवणीचं रीतसर संकलन केलं तेव्हा त्या संध्याकाळी हॉलमध्ये तीन हजार श्रोते हजर असल्याचं सिद्ध झालं. त्यांपैकी सुमारे चारशे जणांनी छत्री धरली होती. छत्रीच्या रंगाबद्दल मतभेद होते.

या चारशेंमध्ये सचिवही होते. पाहुणे आले की ते छत्रीची हकिकत सांगत, आणि त्यांची बायको नेमकी त्याच वेळी कप गोळा करायला उठे. वास्तविक त्या संध्याकाळी सचिव पाणीखात्याचे नवे कनिष्ठ कर्मचारी म्हणून गच्चीवर होते, टाकीत कमरेपर्यंत. छत्री धरली होती ती एका मुलीने. काम आटपून ते भिजलेल्या मांजरासारखे खाली आले तेव्हा त्या मुलीने ती छत्री त्यांना दिली. दोन्ही घरांची संमती मिळायला पुढे फारसा वेळ लागला नाही. तेव्हा छत्री सचिवांनी धरली होती हे अगदीच खोटं नव्हतं. घरी जाताना धरली होती.

एके दिवशी भाजी निवडता निवडता बायको म्हणाली, "अहो, टायरवाले वरचा हॉल घेतायत. पुढच्या महिन्यापासून तिथे टायर ठेवणार म्हणे."

"अरेरे," सचिव म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "बंद झाला की लगेच फलक लावून टाकू."

"बंद होऊ नये म्हणून सांगतेय मी."

हा पर्याय नियमावलीत नव्हता.

"मावशी दुसरीकडे कुठे वाजवणार?" बायको म्हणाली. "शनिवार आहे म्हणून त्या आठवडाभर उभ्या आहेत. तुम्ही एवढे समितीत आहात, तर करा ना काहीतरी."

रात्रभर विचार करून सचिवांनी तोड काढली. फलक लागला तर लोक येतील. लोक आले तर टायरवाल्यांना टायर वर न्यायचा धीर होणार नाही. फक्त नियमाप्रमाणे फलक बंद पडलेल्या जागेलाच मिळत असे. तेव्हा हॉल एका शनिवारपुरता बंद ठेवावा, त्या एका शनिवारी त्याचं स्मरण करावं आणि पुढच्या शनिवारी तो पुन्हा चालू करावा. बंद किती काळ राहायला हवा याबद्दल नियमावलीत अवाक्षर नव्हतं. सचिवांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "एक शनिवार न वाजवल्याने हॉल राहत असेल, तर तसं करा," त्या म्हणाल्या. "पण समारंभाच्या शेवटी एक धून वाजवू द्या मला. एवढी माणसं येणार, तर हात शिवशिवतील हो."

"अवश्य," सचिव म्हणाले, आणि त्यांनी कार्यक्रमपत्रिकेत तसं छापूनही घेतलं.

समारंभाला ही गर्दी लोटली. साठ खुर्च्या हां हां म्हणता भरल्या, जिना भरला, खिडक्यांत माणसं बसली. नेहमीच्या दहा-अकरा श्रोत्यांना अर्थातच जागा मिळाली नाही. (आमंत्रणं आठवण असलेल्यांना होती. जे मागच्या शनिवारीच ऐकून गेले त्यांना आठवण कुठून असणार?) ते खाली दुकानात टायरांवर बसून राहिले. सचिवांची बायकोही त्यांच्यातच होती.

वर, मावशी आपल्या नेहमीच्या खुर्चीवर अकॉर्डियन मांडीवर घेऊन बसल्या होत्या. समितीच्या अध्यक्षांनी भाषण केलं. ते म्हणाले, असं वादन आता होणे नाही. श्रोत्यांनी रुमाल काढले. मग त्यांनी छत्रीची आठवण सांगितली, आणि छत्री आपणच धरली होती हे इतकी वर्षं केवळ विनयापोटी बोललो नाही, असं सांगितलं. सभागृहात थोडी चुळबुळ झाली. बऱ्याच जणांचा विनय दुखावला गेला होता. त्यानंतर ज्यांना ज्यांना आठवण होती त्यांनी दोन-दोन शब्द बोलावेत असं ठरलं, आणि आठवण सगळ्यांनाच होती.

बोलणारे बोलत राहिले. मध्येच मावशींनी नकळत भाता थोडा उघडला आणि अकॉर्डियनने एक लांब श्वास घेतला.

"मावशी, जरा," अध्यक्ष हळूच म्हणाले. "भाषणं चालू आहेत."

शेवटी धून वाजवायची वेळ आली तेव्हा वेळच उरला नव्हता. सचिवांनी पत्रिका पुढे केली. अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेतलं. "अहो, लोक किती भारावलेत बघा. आता मावशींनी वाजवलं, आणि आठवणीत आहे तसं नाही झालं, तर? त्यापेक्षा राहू द्या."

सचिवांना हे पटलं नाही. पण समोर अध्यक्ष होते, म्हणून पत्रिका त्यांनी घडी करून खिशात घातली. मावशींनी अकॉर्डियनचे पट्टे बांधले. सचिवांना तिथे उभं राहवेना.

समारंभाचा उद्देश मात्र पुरेपूर सफल झाला. टायरवाल्यांनी वरचा हॉल भरलेला पहिल्यांदाच पाहिला, आणि त्यांचं मन पालटलं. "टायर खालीच राहू देत," त्यांनी जाहीर केलं. "वर स्मृतिदालन करू." आठवड्याभरात भिंतींना रंग लागला, जुने फोटो टांगले गेले आणि मावशींच्या खुर्चीभोवती मखमली दोरी आली. समितीने आपली शनिवारची बैठकही तिथेच घ्यायचं ठरवलं, कारण संगीताची आठवण काढायला इतकी शांत जागा शहरात दुसरी नव्हती.

पुढच्या शनिवारी ठरल्याप्रमाणे मावशी अकॉर्डियन घेऊन आल्या. टायरवाले लगबगीने पुढे झाले.

"मावशी, या खुर्चीवर बसता येणार नाही बरं का. जपून ठेवलीये."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठीच की," टायरवाले म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मावशींचं ओझं त्यांनी स्वतः जिन्यावरून खाली आणून दिलं, दुकानात एक स्टूल दिलं, आणि पंखाही लावला.

वर बैठक सुरू झाली. विषय पहिला: मावशींच्या आठवणींचा ग्रंथ. विषय दुसऱ्यावर येईपर्यंत लाकडी फळ्यांच्या फटींतून सूर वर येऊ लागले. आधी अकॉर्डियन, मग क्लॅरिनेट. सभासदांना एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

"हा काय त्रास आहे?" अध्यक्ष म्हणाले. "सचिव, जरा खाली जाऊन सांगा त्यांना, मावशींच्या वादनावर चर्चा चाललीये म्हणावं."

सचिव जिना उतरले. दुकानात रबराचा वास होता आणि टायरांच्या चळतींमध्ये नेहमीची माणसं बसली होती. त्यांची बायको एका ट्रॅक्टरच्या टायरवर ऐसपैस बसून डोळे मिटून ऐकत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला अशी ऐकताना सचिवांनी कधीच पाहिलं नव्हतं. ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवरच थांबले.

धून संपली. मावशींनी चष्मा सावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"तुम्ही ते टाकीवाले ना?"

सचिवांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बायकोने डोळे उघडले, पण कप गोळा करायला इथे कप नव्हते.

"हो," सचिव म्हणाले. "मी वर होतो. टाकीत. मला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही, खरं सांगायचं तर."

"पण पाणी तुम्ही थांबवलंत," मावशी म्हणाल्या. "म्हणून तर पुढचं वाजवता आलं. छत्री काय, कुणीही धरतं."

"कुणीही?" बायको म्हणाली. मावशी हसल्या.

"सरका जरा," सचिव बायकोला म्हणाले. एरवी ते तिला अगं-तूगं करत, पण त्या क्षणी त्यांच्या तोंडून तसं निघालं खरं. ती सरकली. मावशींनी भाता उघडून त्या संध्याकाळचीच धून धरली, आणि शहराची सगळ्यात लाडकी आठवण सचिवांनी पहिल्यांदा ऐकली. ती त्यांच्या हकिकतीपेक्षा पुष्कळ चांगली होती. त्यांचे डोळे भरून आले, आणि पुसायला खिशात जे हाताला लागलं ती समारंभाची पत्रिका होती.

वर त्यांची बराच वेळ वाट पाहण्यात आली. ते परतले नाहीत, पुढच्या शनिवारीही नाहीत. शेवटी समितीने जड अंतःकरणाने ठराव केला: सचिवांची समितीला उणीव भासते, सबब त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर एक छोटा फलक लावावा. फलकाच्या अनावरणाला त्यांना आमंत्रण होतं. पण शनिवार असल्यामुळे त्यांचा नाइलाज झाला.

मावशी अजून वाजवतात. टायर पुष्कळ आहेत, त्यामुळे बसायला जागा मिळते. हे वाचून आपल्यापैकी अनेकांच्या आत कुठेतरी काही हललं असेल, आणि "एकदा जायला हवं" असं मनात आलं असेल. अशा सर्वांची नावं समितीने सभासद म्हणून दाखल करून घेतली आहेत. दुकान बंद पडलं की आमंत्रण घरपोच येईल. येताना छत्री कोणत्या रंगाची होती, तेवढं ठरवून यावं.