मशीन मालकाचं, कानही मालकाचा

बंद पडलेल्या यंत्राची आधी विचारपूस करणारा माणूस माझ्या पाहण्यात एकच आहे. साळवेभाऊ दारात चपला काढतात, यंत्रापुढे जमिनीवर मांडी घालतात, त्याच्या पाठीवर तळहात ठेवतात आणि विचारतात, "काय ओ, काय होतंय?" मिक्सर असो, पाण्याची मोटर असो की संगणक, बोलणं अहो-जाहोचंच. मग आमच्याकडे वळून ठरलेलं वाक्य: "आधी ऐकू. मग उघडू."

सानिका, ईशान, तुम्ही शेवटचे इथे आलात तेव्हा फार लहान होता, त्यामुळे भाऊ तुम्हाला आठवणार नाहीत. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. वाळूजच्या एका कारखान्यात, पत्रा ठोकून आकाराला आणतात त्या प्रेस शॉपमध्ये त्यांनी तीस वर्षं काढली. तेव्हा बजाजनगरात राहायचे. लेक शीला इथे लासूर स्टेशनला दिली, नोकरी संपली आणि ते इकडे आले. कॉलनीत काहीही बंद पडलं की त्यांनाच बोलावणं जातं. यंत्र सुरू होईपर्यंत ते चहाला हात लावत नाहीत. "आधी पेशंट, मग मी."

त्यांची सर्वांत मोठी तऱ्हा मात्र संगणकाच्या बाबतीत. जुना संगणक सुरू होत नसला की बटण दाबताच आतून टूं टूं वाजतो. किती वेळा वाजतो, लांब वाजतो की आखूड, त्यावरून त्याचं दुखणं कळतं. हे आवाज भाऊ स्वतः कधीच मोजत नाहीत. घरमालकाला मोजायला बसवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणतात, "मशीन मालकाचं, कानही मालकाचा." लोकांना ही मोठी मौज वाटते. समोरचे निवृत्त तहसीलदार तर आवाज मोजायला चष्मा लावून बसले होते.

पूर्वी ही मोजणी त्यांची बायको, कांताताई, करायची. स्कूटरवर मागे बसून यायची, सोबत स्वतःची हिरवी उशी आणायची, कारण फरशी गार लागते. उशी टाकून यंत्राशेजारी बसली की भाऊ विचारायचे, "शीलाची आई, किती?" ती सांगायची, "एक लांब, दोन आखूड." गल्लीतले लोक चिडवायचे, "भाऊ, मिस्त्री कोण अन् हेल्पर कोण?"

"मिस्त्री तीच. मी पेचकस धरतो."

दोन वर्षांपूर्वी कांताताई गेल्या. मालकाच्या कानाचा नियम त्यानंतरचा. माणूस एकटा पडला की थोडा विक्षिप्त होतो, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

मागच्या महिन्यात आपला संगणक बंद पडला. आजोबांनी घेतलेला तो जाडजूड डबा. तुमच्या आईने कितीदा सांगितलं, टाकून दे. मी टाकला नाही, कारण त्यात एक ध्वनिमुद्रण आहे. चार वर्षांची सानिका दोडक्याची भाजी का खाणार नाही, याची कारणं देते आहे, आणि मागून ईशान प्रत्येक कारणाला "नको, नको" असा दुजोरा देतो आहे. सगळं मराठीत. आता फोनवर तुम्ही "हाय आजी" म्हणता आणि पुढचं सगळं इंग्रजीत. मी जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण माझ्याशी मराठीत भांडणारी सानिका त्या डब्यातच आहे. डाळींच्या डब्यांवरसुद्धा चिठ्ठ्या लावणाऱ्या मी त्याची दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती.

भाऊ आले. मांडी घातली. विचारपूस झाली. मग मोर्चा माझ्याकडे.

"हकीकत सांगा, बाई. शेवटचं कधी चाललं?"

"रविवारी."

"मधी कुणी हलवलं? उघडलं?"

"छे! कुणी हात लावला नाही."

भाऊंनी नुसतं "हं" केलं. सोबत आणलेला छोटा दिवा भिंतीच्या प्लगात लावून पाहिला. दिवा लागला. पडद्याची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. मग डब्याच्या झाकणाच्या फटीतून दोन बोटांच्या चिमटीत एक पिवळा धागा ओढून काढला. त्याच रंगाचं फडकं माझ्या हातात होतं.

"बाई, मशीन खोटं बोलत नाय. माणूस बोलतं."

मी कबूल केलं. सोमवारी झाकण काढून मी आतली धूळ पुसली होती.

"पुसली का घासली?"

"घासली."

"ओल्या फडक्यानं?"

"कोरड्या! इतकी अडाणी नाही मी."

"लई उपकार झाले. आता ऐकू. मोजा." भाऊंनी बटण दाबलं, डब्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

नेमकं तेव्हाच दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी स्वयंपाकघरात धावले. गॅस बंद करता करता तिथूनच मला आवाज ऐकू आला. एक लांब. थोडं थांबून पुन्हा एक लांब. भिंतीपलीकडून इतका स्पष्ट की मी ओट्यापाशीच मोजायला लागले.

परत आले तर भाऊ तसेच डोळे मिटून, आता कान डब्याला लावून. मी उठून गेले होते हे त्यांना कळलंही नव्हतं. डोळे उघडून म्हणाले, "पंखा हाताला लागतोय. करंट हाये, पण वर चढत नाय, आपल्या नळाच्या पाण्यासारखा. अन् तुम्ही एकबी आवाज मोजला नाय, म्हंजे बोलत तर कायच नाय. बोललं नाय म्हंजे बोर्ड गेला, बाई. याला आता इलाज नाय. आतली डिस्कबी लई जुनी, दुसऱ्या मशीनला लागंल का नाय, सांगता येत नाय."

आणि डबा त्यांच्या कानापाशी ओरडत होता. एक लांब. पुन्हा एक लांब.

मी फडकं घेऊन तशीच उभी राहिले. गप्प बसावं तर माझी दोडक्याची भाजी गेली. बोलावं तर समोरच्या माणसाने दोन वर्षं सांभाळलेली झाकली मूठ उघडी पडते. मग मी त्यांच्यासमोर खाली बसले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी, आणि म्हणाले, "भाऊ, आत्ता सुरू झाला बघा. एक लांब, थांबून परत एक लांब."

भाऊंनी डब्यावरचा हात काढून घेतला.

"आत्ता नाय, बाई. मशीन बटण दाबल्याबरोबर बोलतं. उशिरा नाय बोलत."

मी म्हणाले, "माणूस खोटं बोलतं, भाऊ."

ते हसले, पण ओठांनीच. मग पेचकस हातात फिरवत म्हणाले, "तीस वर्षं प्रेस शॉपला. बारीक आवाज आधी जातात. पण शीलाची आई होती ना, तवर मला पत्ताच नाय लागला की गेलेत म्हणून."

त्यांनी एकदम कामाचा सूर लावला. "परत परत एक लांब म्हंजे मेमरीची पट्टी. घासताना तुम्हीच हलवली. खोडरबर हाये का?"

खोडरबर माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असणार? वीज बंद करून भाऊंनी आतली बोटभर लांबीची पट्टी बाहेर काढली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हळुवार फिरवला, फुंकर मारली आणि पट्टी 'कट्' करून जागेवर बसवली. बटण दाबलं. या वेळी डोळे मिटले नाहीत. माझ्या तोंडाकडे पाहत राहिले.

"एक," मी म्हणाले. "आखूड."

"पास!"

पडदा उजळला. भाऊंनी आधी मला ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत काढायला लावली, मगच चहा घेतला. सानिका बोलायला लागली तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवून स्पीकरवर हात ठेवला. "काय म्हणती पोरगी?"

"म्हणते, दोडक्याला कंगोरे असतात, ते पोटात टोचतील."

"व्हय की!" भाऊ म्हणाले. "बरोबर हाये तिचं."

मी इतकी वर्षं मुलांना एकवचन-अनेकवचन घोकायला लावलं. 'आधी ऐकतो' वेगळं आणि भाऊंचं 'आधी ऐकू' वेगळं, एवढं मला कळायला हवं होतं.

गुरुवारी त्यांना बजाजनगरात जुन्या सोबत्याचा संगणक बघायला जायचं होतं. मी येते म्हटलं. ते म्हणाले, "तुम्ही कामून त्रास घेता? मालकाचा कान हाये तिथं." मी म्हटलं, मालकाचा भरवसा काय, त्याचंही दूध उतू जाईल.

गुरुवारी रिक्षा दाराशी आली. भाऊ आत बसले होते. मांडीवर पेचकसची पिशवी होती, आणि माझ्यासाठी रिकाम्या ठेवलेल्या जागेवर हिरवी उशी.

"घ्या, बाई," ते समोर बघत म्हणाले. "त्यांच्याकडं फरशी लई गार असते."