सिंहाच्या जेवणाचा साचा

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी सुशिक्षित होते. म्हणजे प्रत्येकाजवळ एक पासवर्ड होता आणि प्रत्येक जण तो विसरला होता.

तिथे प्रचंडसेन नावाचा सिंह राज्य करी. त्याला रोज एक प्राणी जेवायला लागे. पूर्वी यावरून फार भांडणे होत. "आज तुम्ही जा", "छे छे, आधी तुम्ही" असे चाले. मग सिंहाने जंगलाची वेबसाइट काढली. रोज सकाळी तिच्यावर झळके, 'आजचे मानकरी अमुक अमुक.' ज्याचे नाव येई तो आंघोळ करून, अंगाला मीठ चोळून हजर होई. वेबसाइटवर येईल ते खरे, असा सिंहाने कायदाच केला होता. प्रगती प्रगती म्हणतात ती हीच.

नाव दाखवणारे प्लगिन, म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार भाग, शेजारच्या जंगलातल्या सुगरण पक्षिणीने विणून दिले होते. मानकऱ्याच्या नावाची चिठ्ठी रोज एका डब्यात पडे; ती उचलायची आणि पानाच्या साच्यात बसवायची, एवढेच त्याचे काम. वेबसाइट सांभाळायला हरबा नावाचे भेकर होते. हरबा इतका भित्रा, की स्वतःच्याच कीबोर्डच्या आवाजाला दचके.

एके दिवशी सिंहाने त्याला बोलावले.

"या पानावर माझं नाव का नाही?"

"महाराज, ते जेवणाऱ्याचं पान नाही, जेवणाचं आहे."

"मी राजा आहे! सोनेरी अक्षरांत घाल. नाहीतर उद्या तुझं नाव येईल."

हरबा धापा टाकत सुगरणीकडे गेला.

"माझ्या साच्याला हात लावू नकोस हो," ती म्हणाली. "त्याची नक्कल कर आणि आपल्या फोल्डरात त्याच नावाने ठेव. मग वेबसाइट माझा साचा सोडून तुझी नक्कल दाखवील. पण हवा तेवढाच तुकडा घे. सगळा उचललास तर सगळा तुलाच निस्तरावा लागेल. उद्या मी काही बदललं, तरी तुझ्या नकलेला त्याचा पत्ता लागायचा नाही."

हरबाने मान डोलावली आणि सगळाच्या सगळा साचा उचलला. भित्र्याला तुकडा पुरत नाही.

नकलेत सिंहाचे नाव वर आले, खाली आले, कडेकडेनेही आले. सिंह स्वतः तपासायला बसला. एका ओळीवर त्याचा पंजा थांबला. 'चिठ्ठी न मिळाल्यास दाखवा: आज राजाला उपवास.'

"उपवास? मला?" तो गरजला. "मानकऱ्याच्या जागी इथेही माझंच नाव घाल!"

हे बरे नाही, असे हरबाला वाटले. पण सिंहाचा जबडा उघडा होता. त्याने नाव घातले.

पुढे सुगरणीने प्लगिनची नवी आवृत्ती पाठवली. तिच्यात चिठ्ठी डाव्या डब्याऐवजी उजव्या डब्यात ठेवली होती. सुगरणीच्या साच्याला हे माहीत होते. हरबाची नक्कल बिचारी सवयीने डाव्या डब्यात गेली. डबा रिकामा!

सकाळी सोनेरी अक्षरांत झळकले, 'आजचे मानकरी वनराज प्रचंडसेन.'

सगळे जंगल गोळा झाले. सिंहाच्या उष्ट्यावर जगणारे तरस, प्रधान हसमुखराव, पुढे झाले.

"अभिनंदन, महाराज! मीठ आणू?"

"मूर्खा, मी मलाच कसा खाऊ?"

"शेपटीपासून सुरुवात करावी. कायदा आपलाच आहे."

सिंहाने शेपटी चावून पाहिली. डोळ्यांत टचकन पाणी आले.

"हरब्या! आत्ताच्या आत्ता दुरुस्त कर हे!"

हरबाने सुगरणीची सूचना वाचून उजव्या डब्यात डोकावले. चिठ्ठीवर लिहिले होते, 'हरबा भेकर.'

 आपण किती कोवळे आहोत हे त्याला त्या क्षणी फार जाणवले. त्याला जगायचे होते हो! तो हळूच म्हणाला, "लगेच करतो, महाराज. नक्कल पुसली की सुगरणताईंचा साचा परत येईल. नाव बरोबर दिसेल. फक्त..."

"फक्त काय?"

"आपलं नाव जाईल. वरचं, खालचं, कडेचं, सगळंच."

"मग पुन्हा घाल!"

"घालीन, महाराज. पण नव्या आवृत्तीत सोनेरी रंग नाही. करडा आहे."

सिंहाने पुन्हा पानाकडे पाहिले. शेपूट ठणकत होती. नाव चमकत होते.

"राहू दे," तो म्हणाला.

त्या दिवसापासून रोज सकाळी सिंह आपले नाव वाचतो, खूश होतो, शेपटीला तोंड लावतो आणि कळवळून सोडून देतो. दुपारी कोणी बघत नाही असे पाहून उंबरे खातो. हसमुखराव आता हसत नाहीत. उत्कृष्ट देखभालीबद्दल हरबाला बढती मिळाली आहे. तो मन लावून काहीही करत नाही.

तात्पर्य: चूक दिसली की लगेच दुरुस्त करायला धावू नये. आधी ती कोणाला खाते आहे, ते बघावे.