सारवलेल्या ओसरीवरची रेल्वे

दाराची कडी एकदाच, हलकेच वाजली. पण दुपारच्या शांततेत तेवढ्यानंही चांगुणा दचकली, कारण चार वर्षांची गौतमी आत नुकतीच झोपली होती. ओसरी निम्मी सारवून झाली होती आणि हात कोपरापर्यंत शेणानं भरले होते. दारात ग्रामपंचायतीचा शिपाई म्हाळू उभा होता. त्याच्या काखेत लाल नाडीनं बांधलेली ठरावांची जाडजूड वही होती.

"बाई, सही."

"कसली, मामा?"

"उद्याच्या मीटिंगची."

"उद्याच्या मीटिंगची सही आज?"

"मीटिंग हुईल न्हाईतर न्हाई. सही झाली पायजे. उद्या धाला दौंडचं सायेब ठराव न्यायला येत्यात."

यात नवल काहीच नव्हतं. बायकांच्या राखीव जागेवर चांगुणा सभासद झाली त्याला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत ती बावीस सभांना हजर होती आणि पंचायतीचं कार्यालय तिनं आतून एकदाही पाहिलं नव्हतं. सभा वहीत भरायची, वही घरोघर फिरायची, आणि सह्या झाल्या की गावचा कारभार पुढं सरकायचा.

"हात भरल्यात माझे. ठिवा हितंच."

म्हाळूनं वही उंबऱ्यावर ठेवली आणि तो दुसऱ्या बाई सभासदांकडे, मालनबाईंकडे, निरोप द्यायला गेला.

एरवी म्हाळू बोट ठेवील तिथं सही करायची. आज बोट नव्हतं, म्हणून हात धुऊन चांगुणा वाचायला लागली. शाळेतल्यासारखी, ओठ हलवत, जरा मोठ्यानंच. उद्याची सभा मोठी सविस्तर झाली होती. दौंड ते शिरूर अरुंद रुळांची छोटी रेल्वे व्हावी म्हणून गावोगावच्या पंचायतींनी वाटा द्यायचा होता, आणि या गावचा वाटा बौद्ध वस्तीतल्या विहिरीच्या पैशातून जाणार होता. ती विहीर दुष्काळात बारा हात खणून तशीच पडली होती. चांगुणा आणि वस्तीतल्या सगळ्या बाया अजून नदीवरून हंडे वाहत होत्या. पुढं लिहिलं होतं, ‘सौ. चांगुणाबाई यांनी अनुमोदन देताना रेल्वेचे महत्त्व ओघवत्या भाषेत विशद केले.’

आपण ओघवतं बोलतो हे चांगुणाला त्या दिवशी कळलं. तेही आपल्याच विहिरीच्या विरोधात.

खाली नऊपैकी सात सह्या होत्या. आपण एकटीनं नाही म्हटलं तर कोण विचारतंय, असा विचार करत ती पेन धरून बसली, तोच आत दूध उतू गेलं. ती धावली. चूल आवरून बाहेर येते तर आईचं वाचणं ऐकून गौतमी उठलेली, आणि वहीची नाडी खांद्यावरून ओढत ओल्या सारवणावरून निघालेली.

"झुक झुक झुक... सरका, शिरूरची गाडी आली."

गाडीच्या ओसरीभर तीन फेऱ्या झाल्या होत्या. ठराव, अनुमोदन आणि सात सह्या शेणानं एकमेकांना घट्ट चिकटल्या होत्या. परत आलेल्या म्हाळूनं ते पाहिलं आणि तो पायरीवरच बसला.

"माझी नोकरी गेली, बाई."

"तुमची कशापायी जाईल? चला, मी येते."

पोरीला कडेवर घेऊन ती निघाली. कार्यालयात सरपंच शंकररावांनी वही नाकापासून लांब धरली.

"कुणी केलं हे?"

"माझ्या लेकीनं, आबा. पर वही मी उघडी टाकली व्हती. मामांचा दोष न्हाई."

"उघडी कशाला टाकली?"

"वाचत व्हते."

ग्रामसेवकांनी चष्मा काढला. "बाई, ती वाचायची वही न्हवं."

ठराव रातोरात पुन्हा लिहिता आला असता, पण सरपंच सोडले तर सह्यांचे सहा धनी रात्रीच्या राखणीला सहा रानांत पांगलेले. म्हणून सगळ्यांनाच सकाळी नऊला बोलावलं. ते जमेपर्यंत दहा वाजले, साहेबही टपकले, आणि त्यांच्यासमोर सभा खरोखरच घ्यावी लागली.

आपण काय एकमतानं मंजूर केलंय हे कुणालाच आठवेना. शेवटी सभासदांतले हौशीराम उठले. त्यांना रेल्वेचं भारी वेड, दौंडच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. शिरूरच्या बाजारात तासाभरात पोचणारी मेथी, तळेगावचा ऊस, गाडीनं शाळेला जाणाऱ्या पोरी. अर्धा तास ते असे बोलले की चांगुणालाही शिट्टी ऐकू आली. असा माणूस गावात असून बावीस सभा मुक्यानं गेल्या, याची तिला हळहळ वाटली. तिनं कौतुकानंच विचारलं,

"हौशीरामभाऊ, आन् आपल्या गावात गाडी थांबनार कुठं?"

हौशीरामांनी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी ग्रामसेवकांकडे, ग्रामसेवकांनी साहेबांकडे. साहेबांनी नकाशा पसरला. स्टेशन राहूला होतं. या गावातून नुसतेच रूळ जात होते.

"वेग मात्र कमी करील," साहेब समजुतीनं म्हणाले.

हौशीरामांनी नकाशावरच्या रुळांवरून गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग त्यांनीच हात वर केला.

"सायेब, गाडी नुसती बघायचीच, तर कोरड्या घशानं कशापायी बघायची? आदी वस्तीची विहीर बांधा. गाडी थांबायची ठरली की वाटा देतो. पैला मी देतो."

"अनुमोदन?" ग्रामसेवकांनी सवयीनं चांगुणाचं नाव लिहायला घेतलंही होतं.

ती उभी राहिली. "माझं हाय."

ओघवतं काही नव्हतं, पण तिचं तिनं म्हटलेलं होतं. एकेक करत नऊच्या नऊ हात वर गेले. शंकरराव वरमले होते, पण हसलेही. "म्हाळू, हितनं पुढं वही नगं फिरवूस. मानसं बोलीव."

परतताना चांगुणा विहिरीच्या खड्ड्यापाशी थांबली. कठडा कसा असेल, रहाट कुठं बसेल, हे ती गौतमीला बोटानं दाखवत राहिली. गौतमीनं वाकून तळ पाहिला, मग आईकडे पाहिलं.

"आई, गाडी शिरूरला जानार व्हती. मग विहीर कुठं जाती?"